परफॉर्मन्स टेस्टिंगसाठी एसएसडी घ्यायचीये? बॉक्सवरचा आकडा सोडा, बाकीचं बघा

महापे, ऐरोली, वागळे इस्टेट, कुठल्याही दहा-पंधरा जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत जा, परफॉर्मन्स टेस्टिंगचं, म्हणजे ॲपवर लोड टाकून ते किती फास्ट चालतं ते मोजायचं, मशीन म्हणजे कोपऱ्यात ठेवलेला एक डेस्कटॉप असतो. रॅम वाढवलेली असते, प्रोसेसर बरा असतो आणि आतली एसएसडी कोणीतरी सेलमध्ये जिच्यावर सगळ्यात मोठा एमबी पर सेकंदचा आकडा होता ती बघून मागवलेली असते. मग रिलीजच्या आदल्या दिवशी रिपोर्ट येतो की कालच्या बिल्डपेक्षा (ॲपच्या तयार आवृत्तीपेक्षा) आजचं बिल्ड स्लो आहे, डेव्हलपर म्हणतो मी हात पण लावला नाही, क्यूए (टेस्टिंग टीम) म्हणतं हे बघ आकडे, आणि दोघंही खरं बोलत असतात, कारण मधल्या वेळात बदललेली असते ती डिस्कची अवस्था.

टेस्टिंगच्या डिस्ककडून एकच गोष्ट पाहिजे, ती रोज सारखी वागली पाहिजे. पहिल्या मिनिटाला जशी तशीच चाळिसाव्या मिनिटाला. आणि जमलं तर प्रॉडक्शनला, म्हणजे ॲप खऱ्या ग्राहकांसाठी चालतं तिथे, जी डिस्क आहे तिच्यासारखी वागली पाहिजे. स्पीड त्यानंतर. हे एकदा डोक्यात बसलं की खर्च आपोआप कमी होतो, कारण गेमिंगवाल्या महागड्या ड्राइव्हचे पैसे मुख्यतः स्पीडचे असतात आणि त्यातला बराचसा स्पीड आपल्या कामाचा नसतोच.

आधी विचारा, प्रॉडक्शन कुठे आहे?

हा प्रश्न न विचारता डिस्क घेणारे खूप आहेत. समजा क्लायंटचं ॲप एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर, आहे आणि डेटाबेस जीपी३ व्हॉल्यूमवर, म्हणजे तिथल्या एका प्रकारच्या भाड्याच्या डिस्कवर, आहे. त्या व्हॉल्यूमला बाय डिफॉल्ट ३००० आयओपीएस (सेकंदाला किती वेळा वाचता-लिहिता येतं) आणि १२५ एमबी पर सेकंद मिळतात, व्हॉल्यूम केवढाही घ्या, त्याच्या वर पाहिजे तर वेगळे पैसे मोजायचे. आता तुमच्या टेबलाखालची साधी एनव्हीएमई (थेट पीसीआयईवर चालणारी फास्ट एसएसडी) याच्या कितीतरी पट आयओपीएस देते. म्हणजे ऑफिसात टेस्ट झकास पास आणि क्लायंटकडे सोमवारी सकाळी बोंब.

जुना जीपी२ असेल तर अजून गंमत. त्याला दर जीबीमागे ३ आयओपीएस, म्हणजे १०० जीबीला ३००, पण क्रेडिट (आधी न वापरलेल्या आयओपीएसची बचत) साठलेले असले तर तो ३००० पर्यंत उडी मारतो. क्रेडिटची टाकी ५४ लाखांची, १०० जीबीच्या व्हॉल्यूमवर फुल लोड टाकला तर साधारण ३३ मिनिटांत रिकामी. वीस मिनिटांची टेस्ट घेतली तर तुम्हाला हे कधी दिसणारच नाही. म्हणून टेस्ट तासभर तरी चालवा असं लोक सांगतात ते उगाच नाही.

अशा केसमध्ये माझं सरळ मत, डिस्क विकत घेऊच नका. एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, टेस्टपुरतं चार तास तसंच मशीन तसाच व्हॉल्यूम भाड्याने घ्या आणि काम झालं की उडवा. फक्त दोन गोष्टी सांभाळा. मशीन नुसतं स्टॉप केलं तर व्हॉल्यूमचं बिल चालूच राहतं, तो वेगळा डिलीट करावा लागतो, अकाउंट्सवाल्या ताई महिन्याच्या शेवटी हेच विचारायला येतात. आणि दुसरं, स्नॅपशॉटवरून (व्हॉल्यूमच्या साठवलेल्या कॉपीवरून) व्हॉल्यूम बनवला की त्यातला प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचताना मागून एस३ मधून, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीतून, येतो, त्यामुळे पहिली टेस्ट भयंकर स्लो दिसते. आधी पूर्ण व्हॉल्यूम एकदा वाचून काढायचा, मग टेस्ट. हे माहीत नसलं तर डेव्हलपर बिचारा दोन दिवस क्वेरी ऑप्टिमाइझ करत बसतो.

तरी पण लोकलवरच टेस्ट करायचीये, नेट नको, बिल नको, तर लिनक्समध्ये सीग्रुप व्ही२ ने डेटाबेसच्या प्रोसेसला आयओपीएसची आणि एमबीची लिमिट घालता येते. आयओ मॅक्स नावाची सेटिंग आहे, ३००० ची लिमिट घाला आणि मग बघा तुमचं ॲप कसं चालतं. लेटन्सी, म्हणजे एका वाचन-लेखनाला लागणारा वेळ, क्लाउडसारखी येणार नाही, पण निदान खोटी खुशी तरी होणार नाही.

कन्झ्युमर एसएसडी कुठे दगा देते

प्रॉडक्शन स्वतःच्या सर्व्हरवर असेल किंवा बिल्डची बिल्डशी तुलना करायची असेल तर मग डिस्क घ्यायलाच लागते. इथे बॉक्सवरचा आकडा काय सांगतो ते आधी समजून घ्या. जवळपास सगळ्या कन्झ्युमर एसएसडी आपल्या जागेचा थोडा भाग एसएलसी कॅशे म्हणून वापरतात, तिथे फटाफट लिहिलं जातं आणि आकडा मोजला जातो तो त्या कॅशेत. रविवारी सकाळी सहाला ठाणे-बेलापूर रोडवर गाडी मारायची आणि ऐरोली ते वाशी एवढ्या मिनिटांत होतं असं सगळ्यांना सांगायचं, त्यातला प्रकार.

उदाहरण घ्या सॅमसंग ८७० क्यूव्हीओचं, हे कंपनीनेच डेटाशीटमध्ये छापलंय म्हणून सांगतो, चोरून काही नाही. १ टीबीच्या मॉडेलला लिहायचा स्पीड ५३० एमबी पर सेकंद, पण ४२ जीबी कॅशे भरली की ८० वर येतो. ४२ जीबी भरायला दीड मिनिट पण लागत नाही. तुमचा टेस्ट डेटाबेसचा डंप (पूर्ण कॉपीची फाइल) रिस्टोअर करतानाच कॅशे संपली, आणि त्यानंतर लगेच टेस्ट चालू केलीत तर ड्राइव्ह मागच्या मागे कॅशेतला माल हलवत बसलीये आणि तुम्ही तिच्यावर लोड टाकताय. तोच डंप टाकून अर्ध्या तासाने टेस्ट घेतली तर आकडा वेगळा. बिल्ड तेच!

हे ग्राफवर कसं दिसतं ते सांगतो, एकदा ओळखायला शिकलात की परत फसणार नाही. ग्राफानावर (ग्राफ दाखवणारं टूल) पी९९ ची, म्हणजे ९९ टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत संपतात त्याची, रेघ सुरुवातीला अगदी सपाट, मग दहाव्या-बाराव्या मिनिटाला एकदम पायरी चढल्यासारखी वर, आणि तिथून पुढे दातेरी. सीपीयू मात्र खाली आलेला. ॲपमध्ये मेमरी लीक असेल तर रेघ हळूहळू चढते, पायरी नसते. पायरी दिसली आणि त्याच वेळी सीपीयू पडलेला असला की आधी आयओस्टॅट (डिस्कचे आकडे दाखवणारी लिनक्सची कमांड) उघडा, राइट अवेट, म्हणजे लिहायला लागणारा सरासरी वेळ, बघा, कोड नंतर.

त्यामुळे क्यूएलसी, म्हणजे क्यूव्हीओसारखी एका सेलमध्ये चार बिट ठेवणारी ड्राइव्ह, टेस्टिंगसाठी नको, कितीही स्वस्त असली तरी. टीएलसी (तीन बिटवाली) घ्या, आणि स्वतःची डीरॅम, म्हणजे आतली रॅम, असलेली घ्या, डीरॅमलेस ड्राइव्ह होस्टची रॅम उसनी घेतात आणि मोठ्या एरियावर रँडम वाचन-लेखन आलं की लेटन्सी हलायला लागते. अजून एक वैताग म्हणजे त्याच नावाखाली आतली चिप बदलणं. २०२१ मध्ये क्रुशियल पी२ टीएलसीवरून क्यूएलसीवर गेली, नाव तेच, बॉक्स तोच. म्हणून दोन मशीनला दोन ड्राइव्ह लागणार असतील तर एकाच वेळी एकाच लॉटमधल्या घ्या आणि फर्मवेअर व्हर्जन जुळतंय का बघा, नाहीतर दोन मशीनचे आकडे कधीच जुळणार नाहीत आणि का जुळत नाहीत ते कळणारही नाही.

एफसिंक, म्हणजे खरा फरक

सगळ्यात कमी लोक बघतात आणि सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल डेटाबेस कमिट करताना (बदल पक्का करताना) एफसिंक करतं, म्हणजे डिस्कला म्हणतं, हे पक्कं लिहिलंस ना, लाईट गेली तरी राहील ना, मगच मी पुढे जातो. साध्या एसएसडीला तेव्हा खरोखर नँडपर्यंत, म्हणजे लाईट गेली तरी टिकणाऱ्या चिपपर्यंत, लिहावं लागतं, त्यात साधारण एक मिलीसेकंद किंवा जास्तच जातो, म्हणजे एका कनेक्शनवर सेकंदाला फार तर हजारेक कमिट. एंटरप्राइज ड्राइव्हमध्ये पॉवर लॉस प्रोटेक्शन (पीएलपी) असतं, बोर्डावर कपॅसिटर असतात, लाईट गेली तरी तेवढ्या चार्जवर ड्राइव्ह आपल्या डीरॅममधलं सगळं नँडवर उतरवते. त्यामुळे ती डीरॅममध्ये आलं की लगेच "झालं" म्हणून सांगू शकते, काही दहा मायक्रोसेकंदात. सीक्वेन्शियल स्पीड दोघींचा सारखाच असेल, पण डेटाबेसच्या टेस्टमध्ये दोघी दोन वेगळ्या जगातल्या.

तर प्रॉडक्शनचा सर्व्हर पीएलपीवाल्या ड्राइव्हवर असेल आणि टेस्ट मशीनवर गेमिंगची एनव्हीएमई असेल तर तुम्ही कमिटचा वेळ मोजताय तो प्रॉडक्शनमध्ये नाहीच आहे. काही महाभाग यावर उपाय म्हणून पोस्टग्रेसमध्ये एफसिंक ऑफ करून टेस्ट घेतात. मग टेस्ट कशाची घेतली ते पण रिपोर्टात लिहा म्हणावं. एटसीडी (कुबरनेटीसचा डेटाबेस) वापरत असाल, म्हणजे कुबरनेटीस (अनेक मशीनवर ॲप चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतः चालवत असाल, तर त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ९९ पर्सेंटाइलला डिस्क सिंक १० मिलीसेकंदच्या आत पाहिजे असं दिलंय, स्वस्त ड्राइव्हवर क्लस्टर मधूनच लीडर बदलायला लागतो त्याचं कारण बऱ्याचदा हेच निघतं.

म्हणून प्रोफेशनल ग्रेड म्हणून जादा पैसे द्यायचे असतील तर ते पीएलपीसाठी द्या. ओळखायचं कसं? डेटाशीटमध्ये एंड टू एंड पॉवर लॉस प्रोटेक्शन असं स्पष्ट लिहिलेलं असतं. एम.२ ची (बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारखी) एंटरप्राइज ड्राइव्ह हातात घेतलीत तर एका टोकाला छोट्या चौकोनी कपॅसिटरची ओळच्या ओळ दिसते, साध्या ड्राइव्हवर तिथे मोकळी जागा किंवा नुसती चिप. त्या कपॅसिटरपायीच या ड्राइव्ह बऱ्याचदा २२११० मापाच्या असतात, म्हणजे ११० मिलिमीटर लांब, आणि आपल्या डेस्कटॉप बोर्डावर जागा असते ८० मिलिमीटरची. ऑर्डर करायच्या आधी बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघा. बसत नसेल तर यू.२ ची (सर्व्हरमधली अडीच इंची) ड्राइव्ह घ्या आणि पीसीआयई स्लॉटमध्ये बसणारं अडॅप्टर कार्ड लावा, ते फार महाग नसतं. सॅमसंगची पीएम९ए३, मायक्रॉनची ७४५० प्रो असल्या मॉडेलवरून शोधायला सुरुवात करा. बजेट अगदीच कमी आणि बोर्ड जुना असेल तर साटामध्ये (जुनं, हळू कनेक्शन) सॅमसंग पीएम८८३, इंटेल डी३ एस४५१० वगैरे. साटाचा स्पीड ५५० च्या वर जात नाही, पण ती ५५० शेवटपर्यंत टिकवायचा प्रयत्न तरी करते, आणि ओएलटीपी (छोट्या छोट्या भरपूर व्यवहारांच्या) टाइपच्या टेस्टमध्ये मी कॅशेवाल्या फास्ट एनव्हीएमईपेक्षा पीएलपीवाली साटा कधीही घेईन.

लॅमिंग्टन रोड आणि वापरलेला माल

परवडणारं म्हटलं की शेवटी गाडी मुंबईतल्या या कॉम्प्युटर बाजारात येते. रबाळे, महापे, ऐरोली पट्ट्यात एवढी डेटा सेंटर उभी आहेत, सर्व्हर बदलले की माल बाजारात येतोच, आणि पीएलपीवाली ड्राइव्ह नवीपेक्षा बऱ्याच कमीत मिळते. टेस्टिंगला वापरलेली ड्राइव्ह चालते, कारण तिच्यावर कोणाचा खरा डेटा नाही, मेली तर डंप परत टाकू. पण डोळे उघडे ठेवून.

दुकानदार म्हणेल, "साहेब, नव्यासारखीच आहे, सर्व्हरमधून काढलीये." लॅपटॉप आणि अडॅप्टर सोबत न्या, तिथेच स्मार्ट रिपोर्ट (ड्राइव्हने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद) काढा. एनव्हीएमईला पर्सेंटेज यूज्ड (आयुष्य किती टक्के संपलं) नावाचा आकडा असतो, वीस-तीसच्या आत असेल तर बिनधास्त, मीडिया एरर शून्यच पाहिजे, त्यात घासाघीस नाही. डेटा युनिट्स रिटन या आकड्याला ५,१२,००० बाइटने गुणलं की एकूण किती लिहिलंय ते निघतं. आणि हे सगळे आकडे अगदी कोरे दिसले, पॉवर ऑन अवर्स दोन-तीन तास, पण लेबलवर तारीख चार वर्षांपूर्वीची, तर ड्राइव्ह खाली ठेवा आणि निघा. स्मार्ट रिसेट होऊ शकतं. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या सीगेट हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्याचं प्रकरण निघालं होतं, त्यात साध्या स्मार्टमध्ये तास पुसलेले होते, सीगेटच्या फार्म लॉगमध्ये (डिस्कमधली कंपनीची वेगळी नोंद) मात्र खरे तास सापडले. स्मार्टमॉनटूल्स (स्मार्ट वाचायचं टूल) ७.४ पासून तो लॉग वाचता येतो, सीगेटची वापरलेली हार्ड डिस्क घेताना तो बघाच.

सॅस ड्राइव्ह (सर्व्हरच्या वेगळ्या कनेक्शनची) खूप स्वस्त दिसते म्हणून उचलू नका. ती साटाच्या पोर्टला लागत नाही, एचबीए कार्ड वेगळं लागतं. वर काही ड्राइव्ह मोठ्या स्टोरेज बॉक्समधून काढलेल्या असतात, त्या ५२० बाइट सेक्टरवर फॉरमॅट केलेल्या, लावल्या की लिनक्सला दिसतात पण वापरता येत नाहीत, आधी ५१२ वर लो लेव्हल फॉरमॅट करावं लागतं. ज्याला हे करायला मजा येते त्याने घ्यावी, बाकीच्यांनी नको. आणि ओईएम लेबल (सर्व्हर कंपनीला पुरवलेला माल) असलेल्या ड्राइव्हची वॉरंटी मूळ कंपनी देत नाही, जी काय ती दुकानदाराची. त्यामुळे बिल घ्याच, सीरियल नंबर लिहिलेलं. जीएसटी रजिस्टर्ड असाल तर १८ टक्क्यांचं क्रेडिट पण मिळतं, मग "बिल नको असेल तर एवढ्याला देतो" यात वाटतो तेवढा फायदा नसतो.

किमती मी इथे लिहीत नाही, २०२५ च्या शेवटापासून मेमरीचे भाव असे चढलेत की आज लिहिलेलं पुढच्या आठवड्यात चुकेल.

टीबीडब्ल्यूचा बाऊ

लोक एन्ड्युरन्सला, म्हणजे ड्राइव्हवर एकूण किती टीबी लिहिता येतं (टीबीडब्ल्यू) त्याला, उगाच घाबरतात. हिशोब करा. रोज रात्री टेस्ट, त्यात डंप रिस्टोअर धरून समजा ४०० जीबी लिहिलं, वर्षाला २५० रात्री, म्हणजे १०० टीबी. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हला, उदाहरणार्थ सॅमसंग ९७० ईव्हीओ प्लस, ६०० टीबीडब्ल्यू असतात. सहा वर्षं. १.९२ टीबीची एंटरप्राइज ड्राइव्ह १ डीडब्ल्यूपीडीची (रोज एकदा पूर्ण भरून लिहिता येईल अशी) असेल तर पाच वर्षांत साडेतीन हजार टीबीच्या आसपास. ३ डीडब्ल्यूपीडीच्या मॉडेलला जादा पैसे द्यायची गरज आपल्यापैकी फार थोड्यांना आहे, काफ्का किंवा लॉग इंजेशनसारखं सतत लिहिणारं काम दिवसरात्र चालवत असाल तरच.

आणल्यावर काय करायचं

कोरी ड्राइव्ह खोटे आकडे देते, सगळे ब्लॉक मोकळे असतात ना. एसएनआयए ही स्टोरेजवाल्यांची संस्था आहे, त्यांच्या टेस्ट स्पेसिफिकेशनमध्ये पद्धत अशी की ड्राइव्ह आधी पूर्ण पुसायची, मग क्षमतेच्या दुप्पट डेटा तिच्यावर लिहायचा, आणि मग आकडे स्थिर होईपर्यंत राउंड चालवत राहायचं, सलग पाच राउंड एका पट्ट्यात आले की तो खरा आकडा. एवढं सगळं दरवेळी करायची गरज नाही पण नवीन ड्राइव्हला एकदा करा, रात्रभर लावून द्या.

डिस्क मोजायचं टूल एफआयओ, लिनक्सच्या ब्लॉक लेयरवाल्या येन्स ॲक्सबोनेच लिहिलंय. डायरेक्ट मोड चालू ठेवा नाहीतर तुम्ही रॅम मोजाल. ब्लॉक साइज तुमच्या डेटाबेसची घ्या, पोस्टग्रेसला ८ केबी, मायएसक्यूएलच्या इनोडीबीला १६ केबी, चार केबीचा आकडा जाहिरातीसाठी ठीक आहे. वाचन-लेखन ७०-३० मिसळा, एक राउंड एफडेटासिंक (एफसिंकचाच भाऊ) लावून घ्या, आणि ॲव्हरेज बघूच नका, ९९ आणि ९९.९ पर्सेंटाइल बघा. ड्राइव्हचा पंचवीस-तीस टक्के भाग पार्टिशनच करू नका, मोकळा सोडा, कन्झ्युमर ड्राइव्हला सरळ आणायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय, फक्त आधी पूर्ण ट्रिम करून घ्या म्हणजे ड्राइव्हला पण कळेल की ती जागा मोकळी आहे. प्रत्येक टेस्टच्या आधी एकच क्रम, ट्रिम, डंप रिस्टोअर, ठरलेला आराम, पेज कॅशे साफ, वॉर्मअप, मग मोजणी. हा क्रम स्क्रिप्टमध्येच टाका, माणसाच्या लक्षात राहत नाही.

जेमीटरच्या (लोड टाकणारं टूल) रिझल्टच्या फाइली आणि ॲपचे लॉग डेटाबेसच्या ड्राइव्हवर लिहू नका, जुनी कुठली तरी साटा एसएसडी त्याला द्या. यूएसबी एसएसडीवर डेटाबेस ठेवून टेस्ट, तर नाहीच. डंप साठवायला हार्ड डिस्क चालेल पण सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) बघून घ्या, डब्ल्यूडी रेडच्या काही मॉडेलमध्ये न सांगता एसएमआर (एकमेकांवर चढवलेले ट्रॅक) वापरल्याचं २०२० मध्ये उघड झालं होतं, एसएमआरवर मोठा डंप लिहायला घेतला की संध्याकाळ होते.

गरमी विसरू नका. आपल्याकडे बऱ्याच बिल्डिंगमध्ये संध्याकाळी सेंट्रल एसी बंद होतो आणि टेस्ट नेमकी रात्री चालते. यू.२ ड्राइव्ह सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनवलेली असते, डेस्कटॉपच्या कॅबिनेटात ती सत्तरच्या वर सहज जाते आणि मग स्वतःच स्पीड कमी करते. समोर एक १२० मिलिमीटरचा फॅन लावा, आणि दर मिनिटाला ड्राइव्हचं टेंपरेचर लॉग करून ते रिझल्टच्याच फाइलीत जोडा. मे महिन्यातला रन आणि जानेवारीतला रन शेजारी ठेवाल तेव्हा कळेल का सांगतोय. यूपीएस पण लावा, पीएलपीने डेटा वाचतो, सहा तासांची सोक टेस्ट वाचत नाही, आणि पावसाळ्यात महावितरणचा भरवसा काय द्यायचा.

शेवटचं म्हणजे ड्राइव्ह आणली की रिटर्नची मुदत संपायच्या आत एकदा पूर्ण भरून वाचून बघा, एफ३ नावाचं टूल आहे, खोट्या क्षमतेचा माल असेल तर लगेच पकडला जातो. त्या दिवशीचा एफआयओचा आउटपुट गिटमध्ये टाकून ठेवा आणि दर रिलीज सायकलच्या आधी तीच फाइल परत चालवा, पी९९ मध्ये दहा टक्क्यांच्या वर फरक आला तर बिल्डची टेस्ट सुरू करायची नाही, आधी ड्राइव्ह बघायची.